मदत हवी आहे: वैद्यकीय गांजाचा लॅब रिपोर्ट कसा वाचायचा?

निशिगंध

मावशीची केमो सुरू आहे. मळमळ आणि उलट्या नेहमीच्या औषधांनी आटोक्यात येईनात, म्हणून तिच्या डॉक्टरांनी वैद्यकीय गांजा लिहून दिलाय. आम्ही राहतो तिथे हे कायदेशीर आहे. त्यामुळे कायदा आणि व्यसन यांवर कृपया धागा भरकटवू नये, त्यासाठी वेगळे धागे आहेत. माझा प्रश्न फक्त तपासणीचा आहे.

दोन गोष्टी मिळाल्यात: व्हेपोरायझरमधून (न जाळता तापवून वाफ करणारं यंत्र) ओढायला सुकी फुलं आणि पोटात घ्यायला तेल. दोन्हींचे लॅब रिपोर्ट क्यूआर कोडवरून उतरवले. वर हिरव्या रंगात मोठ्ठं 'पास' लिहिलंय, पण आतलं काही उमगत नाही. फुलांच्या डबीवर टीएचसी (गांजातला नशा आणणारा मुख्य घटक) २२.३% असं छापलंय. रिपोर्टात मात्र टीएचसी ०.९%, टीएचसीए २१.४% आणि 'एकूण टीएचसी' १९.६७%. यातला खरा आकडा कुठला? तेलाचंही तसंच. बाटलीवर एका मिलीत १० मिग्रॅ, रिपोर्टात १०.५.

आणि पुढच्या पानांवर बऱ्याच ओळींपुढे 'एनडी' आहे, काहींपुढे 'एनटी'. दोन्हींचा अर्थ 'काही सापडलं नाही' असाच ना? जाणकारांनी सांगावं. मी हिशेबातली, रसायनशास्त्र दहावीलाच सुटलं.

रसायनी

आधी आकडे, कारण ते सोपे आहेत. ताज्या झाडात टीएचसी जवळपास नसतंच, असतं ते टीएचसीए नावाचं आम्ल. ते तसं नशा आणत नाही. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. आम्लाचं रेणूवजन सुमारे ३५८.५, टीएचसीचं ३१४.५. म्हणजे १ ग्रॅम आम्लापासून फार तर ०.८७७ ग्रॅम टीएचसी मिळणार. आता २१.४ ला ०.८७७ ने गुणा आणि ०.९ मिळवा: १९.६७. रिपोर्ट बरोबर आहे. डबीवाल्यांनी २१.४ आणि ०.९ यांची सरळ बेरीज ठोकून दिलीय. हिशेबातल्या आहात तर तुम्हाला हे माझ्याआधी दिसायला हवं होतं :)

शिवाय १९.६७ हासुद्धा त्या नमुन्याचा आकडा. एकाच झाडाच्या शेंड्याची फुलं आणि खालची फुलं यांत बराच फरक पडतो. तेव्हा दशांशानंतरच्या आकड्यांवर जीव टाकू नका.

तेलाचं उत्तर बहुधा एककात आहे. रिपोर्टात 'प्रति ग्रॅम' आहे का बघा. अशा औषधांत बहुतेक वेळा नारळापासून काढलेलं एमसीटी तेल असतं. त्याची घनता ०.९५ च्या आसपास, म्हणून १ ग्रॅममधले १०.५ मिग्रॅ म्हणजे १ मिलीत साधारण १०.

मुंगूस

कसला रिपोर्ट घेऊन बसलात! लॅबचं बिल कोण भरतं? माल विकणारा. ज्या लॅबमध्ये टीएचसी जास्त निघतं तिकडे गिऱ्हाईक पळतं. अमेरिकेत याला 'लॅब शॉपिंग' असं नावच पडलंय. २०१७ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी (गांजातलाच, पण नशा न आणणारा घटक) उत्पादनांची तपासणी छापून आली होती. लेबलाशी जुळली फक्त २६. आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं, म्हणजे निव्वळ सीबीडी समजून घेणाऱ्याला फुकटची नशा.

रसायनी

मुंगूसराव, मुद्दा खराय, पण ती उत्पादनं बहुतांशी तपासणीच्या सक्तीबाहेरची होती. रिपोर्टच नसण्यापेक्षा तो असलेला बरा, फक्त तो कुणाचा ते बघावं. लॅबला आयएसओ १७०२५ (तपासणी लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता हवी. ताकद मोजायला एचपीएलसी (नमुना न तापवता मोजायची पद्धत) वापरलंय का हेही बघा. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापतो आणि आम्लाचं तिथेच टीएचसी होतं, मग आम्ल किती होतं ते वेगळं कळत नाही. आणि सगळ्यात आधी बॅच नंबर. रिपोर्टावरचा आणि डबीवरचा जुळत नसेल तर पुढचं वाचूच नका.

औषधवेल

हॉस्पिटलमधली फार्मासिस्ट आहे. निशिगंधताई, टक्केवारी क्षणभर बाजूला ठेवा. एनडी म्हणजे शोधलं, पण यंत्राला दिसेल इतकं सापडलं नाही. एनटी म्हणजे शोधलंच नाही. फुलांच्या रिपोर्टात ॲस्परजिलस (एक बुरशी) आणि मायकोटॉक्सिन (बुरशीने सोडलेलं विष) या दोन ओळींपुढे काय आहे ते आधी सांगा. तोवर फुलं वापरू नका.

कारण सांगते. गांजाच्या फुलांवर बुरशीचे बीजाणू असणं नवलाचं नाही. धडधाकट माणसाच्या फुप्फुसात ते गेले तरी शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. केमोत पांढऱ्या पेशी खाली आल्या की ही चौकीच रिकामी पडते, आणि ॲस्परजिलस फुप्फुसात मुळं धरू शकतो. हा संसर्ग जिवावर बेतणारा असतो. व्हेपोरायझरची उष्णता सगळे बीजाणू मारेल या भरवशावर राहू नये.

रिपोर्टात 'एकूण यीस्ट व बुरशी' अशी ओळ असेल, तिच्यावर समाधान मानू नका. बऱ्याच ठिकाणी दर ग्रॅमला १०,००० वसाहतींपर्यंत 'पास' देतात. त्या वसाहती कुठल्या जातीच्या ते त्यात कळत नाही. कॅलिफोर्नियात श्वासावाटे घ्यायच्या मालासाठी ॲस्परजिलसच्या चार जाती (फ्युमिगेटस, फ्लेव्हस, नायजर, टेरियस) १ ग्रॅम नमुन्यात अजिबात सापडता कामा नयेत असा नियम आहे. मावशींसाठी अशी तपासणी हवी. तुमच्या रिपोर्टातला 'पास' मावशी केमोवर आहेत हे धरून दिलेला नाही.

निशिगंध

बापरे. बघितलं. फुलांपुढे दोन्ही ओळींत एनटी. आणि रसायनींनी म्हटल्यावर बॅच नंबर ताडले: तेलाचा जुळतो, फुलांचा शेवटचा अंक वेगळा. तेलाचं 'प्रति ग्रॅम'च होतं. त्यात कीटकनाशकं, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा सगळं एनडी. फक्त 'इथेनॉल ४१० पीपीएम' लिहिलंय. हे दारूच ना? मावशी कट्टर माळकरी आहे, आणि ते सोडलं तरी अपाय नाही ना?

विक्रेत्याला फुलांबद्दल विचारलं तर म्हणाला, ती गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली आहेत, चिंता नको.

रसायनी

इथेनॉलने अर्क काढला असेल, त्याचा हा उरलेला अंश. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मर्यादा ५,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आहे, तुमचं ४१०. हेक्झेन या दुसऱ्या द्रावकाची मर्यादा २९० आहे, तो असता तर डोळे वटारले असते. माळकरी मावशींना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही.

धातूंच्या ओळी एनडी आहेत हे उत्तम. हे झाड जमिनीतलं कॅडमियम आणि शिसं ओढून घेण्यात तरबेज असतं, इतकं की दूषित जमिनी साफ करायला ते लावून पाहिलंय. कीटकनाशकांची यादी फुलांसाठी तर जास्तच बारकाईने बघावी. मायक्लोब्युटॅनिल नावाचं बुरशीनाशक तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघू शकतं. पोटात जाणं आणि तापून फुप्फुसात जाणं यांचे नियम एक नसतात.

औषधवेल

किरणांनी बुरशी मरते, हे खरं. नेदरलँड्समधला सरकारमान्य वैद्यकीय गांजाही असाच किरणोत्सारित करून मिळत आलाय. पण बुरशीने आधीच सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष किरणांनी जात नाही. म्हणून मायकोटॉक्सिनची ओळ वेगळी लागते. विक्रेत्याकडे त्याच बॅचचा, किरणोत्सारानंतरचा रिपोर्ट लेखी मागा. तोंडी 'चिंता नको' याला काही अर्थ नाही.

आणखी एक. तेलात सीबीडी किती आहे ते डॉक्टरांना दाखवा. ते यकृतातल्या एन्झाइमना अडवतं, त्यामुळे वॉरफरिनसारख्या (रक्त पातळ करणारं औषध) काही औषधांची रक्तातली पातळी वाढू शकते. मावशींच्या सगळ्या गोळ्यांची यादीही सोबत न्या.

मुंगूस

औषधवेल, नमस्कार घ्या. माझं 'कसला रिपोर्ट' मागे घेत नाही, पण एनटीची गोष्ट मलाही ठाऊक नव्हती.

निशिगंध

डॉक्टरांशी फोनवर बोलले. फुलं बंद, पेशी वर येईपर्यंत फक्त तेल, सुरुवात २.५ मिग्रॅ टीएचसीने. म्हणजे पाव मिली, बरोबर? बाटलीसोबतच्या ड्रॉपरवर खुणाच नाहीत.

औषधवेल

बरोबर, ०.२५ मिली. थेंब मोजू नका, औषधाच्या दुकानातून बिनसुईची १ मिलीची सिरिंज आणा. बाटली आधी नीट हलवा. उजेड, ऊन आणि हवा यांनी टीएचसी हळूहळू मोडून त्याचं सीबीएन नावाचं वेगळंच द्रव्य होतं, म्हणून झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा. पोटातून घेतलेल्याचा परिणाम दिसायला तास-दोन तासही लागतात. काही होत नाही म्हणून लगेच दुसरा डोस देऊ नका.

आधी एखाद वेळ फुलं ओढून झाली असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा वर गेला, नवा खोकला आला किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करा.