शब्दचर्चा : ‘स्विंग’ म्हणजे आड नव्हे, आणि ‘ब्रिज’ म्हणजे घोडी नव्हे

(वाद्यमेळ, तिस्र, गज आणि आवर्तन ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

वाद्यमेळ : दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो, जोडीला डबल बेस आणि ड्रम्स. अशा संचासाठी बाख या जुन्या जर्मन संगीतकाराची रचना जॅझच्या अंगाने बांधायची, तर नोटेशनवरच्या सूचना मराठीत कशा लिहाव्यात? ‘स्विंग’ या जॅझच्या डुलत्या लयीसाठी ‘आड’ चालेल का? आणि ‘कोरस’, ‘ब्रिज’ यांचं काय?

तिस्र : आड अजिबात नको. आडीत दोन मात्रांत तीन स्वर बसतात आणि तिन्ही सारखे असतात. स्विंगमध्ये मात्रा जागची हलत नाही, तिच्या आतले दोन भाग असमान होतात. मात्रेचे तिस्र जातीने तीन तुकडे करा. पहिले दोन जोडून एक लांब स्वर, उरलेला तिसरा आखूड. तोंडाने ‘धाऽगे धाऽगे’ म्हणून बघा, ‘धा’ दोन तुकड्यांचा, ‘गे’ एकाचा. हे २:१ प्रमाण मध्यलयीतलं. लय चढते तसं ते सपाट होत जातं आणि मिनिटाला तीनशेच्या आसपास ठोके असतील तर दोन्ही अर्धे जवळजवळ सारखेच वाजतात. म्हणून मी ‘झुलती लय’ म्हणेन. ‘झोल’ मात्र कृपया नको, मराठीत त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

गज : ‘झुलती’ छान आहे, पण नुसतं तेवढं लिहून भागत नाही. कागदावर अर्ध्या मात्रेचे स्वर सारखेच छापलेले असतात, आणि पाश्चात्त्य शास्त्रीय तालमीतला वादक ते झुलवायला गेला की बहुतेक वेळा पाऊण-पाव करून टाकतो, म्हणजे ३:१. चाल लंगडते. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक मात्रेवर गजाचा दाब. उपाय असा : आखूड स्वरावर हलका आघात द्या आणि तो पुढच्या मात्रेच्या स्वराशी एकाच गजात जोडा. स्वराचा कंप (व्हायब्रेटो) कमी ठेवा. जिथे मूळ बाख जसाच्या तसा हवा तिथे ‘सरळ’ आणि जिथे बदल होतो त्याच मापावर (नोटेशनच्या दोन उभ्या रेघांमधला खण) ‘झुलती’ असं ठळक लिहा. पान उलटताना ही सूचना हमखास निसटते, तेव्हा नव्या पानाच्या डोक्यावर पुन्हा लिहा.

आवर्तन : ‘कोरस’ शब्दाने मराठी कलाकार नक्की फसणार. ‘व्हायोलिन, दोन कोरस’ असं वाचून तो समूहगायकांची वाट बघत बसेल. जॅझमधला कोरस म्हणजे रचनेच्या साच्याची एक पूर्ण फेरी, म्हणजे आपलं आवर्तनच. बारा मापांचा ब्लूज (जॅझमधला एक ठरलेला साचा) मापाला चार मात्रा धरून ४८ मात्रांचा, बत्तीस मापांचं गाणं १२८ मात्रांचं. फरक एवढाच की इथे आवर्तन ठेक्याने नाही, कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या) क्रमाने ओळखायचं. ‘ब्रिज’ म्हणजे गाण्याचा मधला वेगळा भाग, त्याला सरळ ‘ब भाग’ म्हणा (अ-अ-ब-अ मधला). व्हायोलिनवाल्याला ‘ब्रिजवर या’ सांगितलं, तर तो गज घोडीजवळ (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीजवळ, तिलाही इंग्रजीत ‘ब्रिज’च म्हणतात) नेईल आणि कर्कश आवाज काढेल!

वाद्यमेळ : आणि सोलोसाठी, म्हणजे एकट्या वादकाने आयत्या वेळी सुचेल तसं वाजवण्यासाठी, ‘उपज’?

आवर्तन : अर्थाने जवळचा शब्द आहे. पण उपज रागाच्या चौकटीत फुलते, जॅझचा सोलो सरकत्या कॉर्डवर. ज्याला तो क्रम कानात नाही त्याला ‘उपज’ लिहून देणं म्हणजे दोरीशिवाय विहिरीत सोडणं. त्याच्यासाठी सोलो पूर्ण लिहा आणि वर ‘लिहिलेला सोलो’ म्हणा.

गज : साथीचंही तसंच. ‘डी मायनर सेव्हन, जी सेव्हन’ अशी कॉर्डची नावं व्हिओलाला देऊ नका, स्वर लिहून द्या. मूळ स्वर आणि पंचम बेसवर सोपवा, मधल्या दोन वाद्यांना कॉर्डचा तिसरा आणि सातवा. पहिल्या कॉर्डचे एफ आणि सी. दुसऱ्यावर जाताना एफ जागीच राहतो, सी अर्धा स्वर उतरून बी होतो. एवढ्या एका हालचालीत अख्खी कॉर्ड कळते. बेसची चाल बोटाने छेडून वाजवायला चेलोला देऊ नका. बोटाने छेडलेला चेलोचा स्वर डबल बेसपेक्षा लवकर विझतो आणि ड्रम्सखाली दबतो. गंमत म्हणजे बाखच्या काळातले कीबोर्डवालेही बेसच्या ओळीवरचे आकडे वाचून कॉर्ड स्वतः भरायचे. म्हणजे कॉर्ड स्वतः भरायची सवय त्याच परंपरेतली, मध्येच सुटलेली.

तिस्र : एक शब्द आपल्याकडून तिकडे देता येईल : मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या १९२४ च्या ‘रॅप्सडी इन ब्लू’ या जॅझच्या अंगाच्या रचनेची सुरुवात क्लॅरिनेटच्या सुट्या स्वरांच्या चढत्या धावेने लिहिलेली होती, म्हणजे तानच. क्लॅरिनेटवादक रॉस गोरमनने तालमीत गमतीने ती घसरत नेली, गर्श्विनला ती आवडली आणि तीच कायम झाली. मराठी नोटेशनवर तिथे ‘ग्लिसांडो’ऐवजी ‘मींड, वरपर्यंत न तोडता’ लिहिलंत तर कुणी अडणार नाही.

गज : फक्त कुठून कुठपर्यंत ते दोन्ही स्वर लिहा. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या षड्जावर उतरेल.