कडकड वेगळी, रीस्टार्ट वेगळा

भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये कडकड आणि इन्व्हर्टर असूनही लाइट जाताच पीसी रीस्टार्ट, या दोन्हींचं मूळ एक नाही. यावर आधीच्या एका उत्तरात पीसीची रॅम वाढवायला सांगितलंय; इतक्यात खिशात हात घालू नका.

कडकडीसाठी रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) बफर, म्हणजे पीसी एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, 64 वरून 256 सॅम्पल करा, 48 किलोहर्ट्झला तो 5.3 मिलिसेकंद होतो. तरीही आवाज तुटला तर लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर पीसीला अडवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा. बऱ्याचदा वाय-फायचा ड्रायव्हर नडतो.

आता इन्व्हर्टर. त्यावर यूपीएस मोडचं बटण असतं, ते बघा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला वेळ लागतो, तेवढ्यात एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) मान टाकतो. मात्र यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरी ओढतो. आपल्याकडे शेतीची थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकदम चालू होऊन व्होल्टेज पडतं, म्हणजे बॅटरी रेकॉर्डिंगच्या आधीच खलास. इन्व्हर्टरच्या अलीकडे स्टॅबिलायझर टाका.

लाइट जाऊन वेव्ह फाइल शून्य सेकंदांची दिसली तर डिलीट करू नका. मिनिटाला 8.6 एमबीच्या हिशोबात साइज भरत असेल (24 बिट, मोनो) तर आवाज आत आहे, फक्त हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) अर्धवट राहिलंय. ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) ती रॉ डेटा म्हणून इंपोर्ट करा आणि हे पर्याय निवडा: 24 बिट, लिटल एंडियन, मोनो, 48000. सुरुवातीचा खट् आवाज कापून टाका.