नीरा डावा कालवा दुष्काळासाठी काढला आणि उसाला गेला, यात दोष कुणाचा?

टेलचा शेतकरी

इंग्रजांचे प्रयोग आमच्या इंदापूर तालुक्याने पहिल्यापासून सोसले. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या शेतसारा पद्धतीने लोक जमिनी टाकून परागंदा झाले. मग 1836 साली विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इथेच नवी जमाबंदी बसवली. 1876-77 च्या दुष्काळात माणसं-गुरं मेली, आणि 1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला. कोरडवाहू पट्ट्यातली ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून.

झालं काय? पाऊस बरा असला की ज्वारीवाला पाणीपट्टी भरून पाणी घेईना, आणि सरकारला तर घातलेल्या पैशावर व्याज सुटायला हवं होतं. बारा महिने पाणी उचलून भारी पट्टी भरणारं पीक एकच, ऊस. पाणी माणूस जगवायला की वसुलीला, याचा निकाल तेव्हाच लागला. स्वातंत्र्यानंतर आपण तोच निकाल कायम ठेवला, फक्त कालव्याचा मालक बदलला. आज राज्यातल्या थोड्याशा जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा अर्ध्याहून मोठा वाटा पितो. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की आमच्या टेलच्या, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, चारीत गाळ ओला होतो, एवढंच. दोन दिवसांनी तोही तडकतो.

बागायतदार, बारामती

दादा, तुमच्या चारीचं दुःख खोटं नाही. पण ऊस लावणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. 72 च्या दुष्काळात माझे वडील खडी फोडायला होते, सुकडी आणि मिलोवर, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीवर, दिवस काढले. त्यानंतर घरात पहिली पक्की भिंत उभी राहिली ती उसाच्या बिलावर.

ऊसच का, ते ऐका. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्याला 14 दिवसांत पैसे देणं बंधनकारक केलं. बिल लांबतं, मान्य आहे, पण कायदा हातात असतो, मोर्चा काढता येतो. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, खरेदी केंद्र कुठे आहे? कांद्याचं तर विचारूच नका. एका वर्षी मी दोन एकर कांदा काढला, आणि ट्रॉली बाजारात पोचायच्या आत निर्यातबंदी आली. विक्रीची पट्टी हातात पडली त्यात काढणीची मजुरीही निघाली नाही. इंग्रज जाऊन किती वर्षं झाली? भाव पाडणारे आपलेच आहेत. 1980 साली चाकणला शेतकरी रस्त्यावर बसला तो याच कांद्यासाठी.

मास्तर (निवृत्त)

मूळ मांडणीत एक दुरुस्ती. इंग्रजी अमदानीतलं पाटबंधारे खातं एका तोंडाने बोलत नव्हतं. नीरेवर ब्लॉक पद्धत आणली ती विश्वेश्वरय्यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. उसाचं पाणी एकाच गावात साचू नये, ते गावोगाव ठरावीक तुकड्यांना मिळावं आणि त्या तुकड्यात ऊस व हलकी पिकं फिरती राहावीत, असा तो विचार होता. आजच्या उसाच्या सलग पट्ट्याला तो साफ उलटा आहे.

आणि महात्मा फुले तर त्याच्याही आधी, 1883 साली, सांगत होते की लष्कर आणि पोलिसातल्या शिपायांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्या, पाणी शेतात मुरू द्या. सरकारने मोठे कालवे काढले. मुरवण्याचं काम मागे पडलं ते पाझर तलावांपर्यंत, आणि तेही दुष्काळी कामं म्हणून. माझ्या मते खरी चूक इथे झाली, उसात नाही.

पुरंदरची लेक

ब्लॉकची आठवण काढलीत म्हणून सांगते. आमच्या सासवडचे माळी या कालव्यांवर जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकवायला गेले. ती मंडळी इतकी पुढे गेली की 1930 च्या दशकात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. आणि 72 च्या दुष्काळानंतर याच पुरंदरात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं पाणी, ऊस बंद, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला. हे ना इंग्रजांनी केलं ना आपल्या सरकारने. लोकांनी केलं.

बागायतदार, बारामती

ताई, साळुंखे साहेबांबद्दल आदर आहे. पण अडीच एकर ज्वारी-भाजीपाल्यावर मुलाची इंजिनिअरिंगची फी भरून दाखवा. ऊस सोडा म्हणणाऱ्याने आधी दुसऱ्या पिकाचा भाव बांधून द्यावा. माझी अट एवढीच.

टेलचा शेतकरी

मास्तर, विश्वेश्वरय्यांचा मुद्दा मान्य, मी सगळ्यांना एका मापात तोललं. पण बागायतदार भाऊ, भाव बांधून मिळेपर्यंत आमच्या विहिरी कोरड्या राहायच्या का? 2005 च्या कायद्याने पाणी मोजून, संस्थांमार्फत द्यायचं ठरलं. बारमाही पिकाला ठिबकची अटही त्या सालच्या कायद्यात घातली. तुमच्या शेतात पाणी मोजून येतं का, तेवढं सांगा.

बागायतदार, बारामती

नाही येत. खरं सांगतो. पाटकऱ्याला निरोप धाडायचा, रात्री बारे द्यायला जायचं आणि सरी तुडुंब होईपर्यंत बांधावर बसायचं. पाळी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून हात आखडत नाही. ओढ्याकाठचा माझा दीड एकर त्यापायी चिबड झाला. सकाळी वर पांढरं मीठ फुललेलं दिसतं, तिथे आता उसाची कांडीही उगवत नाही. बाकीच्या रानात मागच्या हंगामापासून ठिबक टाकलंय. पण ठिबकला पाणी रोज थोडं थोडं लागतं आणि कालवा येतो महिना-दीड महिन्याने. मधले दिवस काढायला शेततळं पाहिजे. त्यात माझी अर्धा एकर जमीन जाणार, आणि खर्चाला सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर आहे.

टेलचा शेतकरी

शेततळ्यासाठी मागणी करायची तर माझीही सही घ्या. सोबत दुसरी मागणीही लिहा: आवर्तन सुटलं की आधी टेल भिजवायचा, मग वर यायचं. तुमच्या चारीवरच्या लोकांच्या सह्या त्याखाली मिळतील का, विचारून सांगा.