माळ्यावर सापडला ऑक्सिमीटर... तुम्ही तेव्हा इम्युनिटीसाठी काय काय केलं होतंत?

अडगळवाली
काल माळा काढला. दिवाळी आली म्हणून नाही, उंदीर शिरलाय म्हणून. तर एका श्रीखंडाच्या डब्यात ऑक्सिमीटर, आर्सेनिक अल्बम ३० ची बाटली (जवळजवळ भरलेली!), दगड झालेली काढ्याची पावडर आणि सासूबाईंची दुधाच्या हिशोबाची वही. वही पुढून दूध, मागून उलटी धरली की एप्रिल २०२१. वेळ, ताप, ऑक्सिजन, पल्स, दर चार तासांनी. "रात्री २. ९३. झोपेत घेतला." "पहाटे ६. ९२. बोट गार होतं, परत घेतला, ९३." स्टुलावर उभी राहून वाचत बसले, पाय भरून आले तेव्हा कळलं.

काढ्याचं सांगते आधी. सरकारने सांगितलेला साधा होता, तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी, मनुका. आमच्या आईंनी त्यात लवंग, ओवा, हळद, गवती चहा, अडुळसा, जो जो व्हॉट्सॅपवर येईल तो तो घातला आणि तीन वेळा सगळ्यांना कपभर. बाबांना (सासरे, तेव्हा ७१) महिन्याभरात इतकी जळजळ सुरू झाली की डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी चालू केली, आणि त्या जळजळीवर आईंनी काय दिलं असेल? धण्याजिऱ्याचा काढा.

वर्षभर आम्ही कोथिंबिरीला आंघोळ घातली. पेपर बंद, पार्सल दोन दिवस गॅलरीत. आणि कोरोना आला तो सोसायटीच्या ऑफिसातून, एसी लावायचा म्हणून खिडक्या बंद करून चौघं जण मेंटेनन्सच्या हिशोबाला दोन तास बसले होते, मास्क हनुवटीवर. चौघंही पॉझिटिव्ह. पहिला डोस मार्चमध्ये झाला होता बाबांचा, दुसरा व्हायचा होता.

सहा मिनिटं चालवून बघा सांगितलं होतं ना, हॉल ते बेडरूम चालवलं तर ९५ चे ९०. बाबा म्हणे मशीन खराब आहे, स्वतःची बोटं चोळून परत लावली. मग माझ्या बोटाला लावलं, ९८. त्यावर ते काही बोलले नाहीत, कपाटातून धुतलेला लेंगा काढून स्वतःच पिशवीत भरला. बेड मिळायला चौदा तास फोन. अकरा दिवसांनी घरी आले.

तुमच्याकडे काय काय झालं लिहा. आयुर्वेद-ॲलोपथी भांडू नका प्लीज, मला दिवसभर मॉडरेटर व्हायला वेळ नाही.

टोमॅटो सार
अगदी अगदी. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या भांड्याच्या साबणाने. एकदा पिशवीला बारीक भोक होतं, चहाला फेस आला तेव्हा कळलं. आणि नवरा नोटांना इस्त्री करायचा!! २०० ची एक नोट चिकटली इस्त्रीला, नंतर महिनाभर त्याच्या पांढऱ्या शर्टांवर पिवळा डाग.

बिनसाखरेचा
काढ्यात गूळ, सकाळी च्यवनप्राश, रात्री हळदीचं दूध साखर घालून कारण नुसतं जात नाही, मध्ये मनुका. तीन महिन्यांची शुगर ७ वरून ९.४. इम्युनिटी वाढली का ते मोजायचं यंत्र नव्हतं म्हणून बरं, शुगरचं होतं. डॉक्टर म्हणाले तुमची खरी इम्युनिटी म्हणजे शुगर ताब्यात ठेवणं, बाकी नंतर बघू.
हे हसत लिहिलं पण माझ्याच ऑफिसमधला एक, वय ४६, डायबेटिस, कोरोनातून उठला, स्टेरॉइड झाले होते, पंधरा दिवसांनी गाल बधिर आणि डोळ्याखाली सूज. काळी बुरशी. एक डोळा काढावा लागला. इंजेक्शनसाठी त्याच्या बायकोने चार जिल्हे पालथे घातले. आता येतो ऑफिसला. गॉगल लावतो, जोक पण मारतो.

टोमॅटो सार
अरे देवा.

रत्नांग्रीकर
गणपती २०२०. चाकरमान्यांना १० दिवस क्वारंटाइन, प्राथमिक शाळेत. माझा सख्खा भाऊ मुंबईहून आला न तिसरीच्या वर्गात झोपला, ज्या वर्गात तो तिसरीत नापास झालेला. आई रोज डबा करून शाळेच्या गडग्यावर ठेवायची न मागे सरून फणसाखाली उभी रायची तो उचलेपर्यंत. बोलायचे दोघं लांबून ओरडून, अख्ख्या वाडीला आमच्या घरची भांडणं कळली. ग्राम कृती दलात मीच होतो, मीच त्याला दारातून बाहेर पडू द्यायचो नाही. आजून काढतो विषय.
आजी म्हणाली यात नवीन काय, पलेगाला (तिच्या आईकडून ऐकलेलं) उंदीर पडायला लागले की अख्खा गाव घरं सोडून माळावर झोपड्यांत. १९१८ ची मानमोडी पण तिला ऐकून माहीत. तेव्हा काय खायचे म्हटलं तर म्हणाली पेज. इम्युनिटी हा शब्द तिला मी तीनदा समजावला, शेवटी म्हणाली "म्हणजे अंगात ताकद, तर तसं सांग की."

भूभू
@अडगळवाली उंदीर माळ्यावर आणि वर प्लेगचा किस्सा, झोप लागेल का आज :D

नाईट ड्यूटी
कॅन्टीनमधून लिहितेय, चुका पोटात घाला. कोविड वॉर्डला १४ महिने काढले. पीपीई घातला की सहा तास पाणी नाही बाथरूम नाही, मे मधे आतून घाम बुटात जमायचा, चालताना आवाज यायचा चुबुक चुबुक. आम्हाला कुणी काढा नाही विचारला, आम्ही विचारायचो मास्क नीट बसलाय का. माझी इम्युनिटी विचाराल तर एन९५ न लस आल्या आल्या मिळालेले दोन डोस. बस.
एक सांगते, इम्युनिटी वाढवा वाढवा करत होते ना सगळे, बऱ्याच पेशंटना दुसऱ्या आठवड्यात त्रास व्हायचा तो शरीराचीच प्रतिकारशक्ती बेफाम झाली म्हणून. त्यासाठीच तर डेक्सामेथासोन, स्टेरॉइड. ज्यांना ऑक्सिजन लागतोय त्यांना ते उपयोगी पडतं हे जून २०२० ला इंग्लंडच्या ट्रायलमधे कळलं. न लोक घरी पहिल्या दिवशी साध्या तापाला घेऊन बसायचे कुणीतरी फॉरवर्ड केलेली चिठ्ठी बघून. उलटं नुकसान. व्हिटॅमिन सी झिंक घेतलं असेल तर घेतलं, ट्रायलमधे फार काही निघालं नाही. पालथं झोपवायचो ते मात्र डोळ्यांदेखत, ८८ चे ९३ व्हायचे. एक आजोबा पालथे झोपायला तयार नव्हते, म्हणाले अशुभ आहे. त्यांना म्हटलं विठोबाला साष्टांग घालताय समजा. दोन तास हलले नाहीत.
चला बेल वाजली

बिनसाखरेचा
नाईट ड्यूटी _/\_

अडगळवाली
साष्टांग!! हे आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या त्यांना सांग ऑक्सिमीटरचं बोट कधी कधी गार असतं. त्यांना वाटतंय तुम्ही अजून रीडिंग घेताय.

चिमणचारा
मी काहीच नाही केलं, फक्त नवऱ्याचे केस कापले. यूट्यूब बघून. पहिल्या लॉकडाऊनला, तिसऱ्या आठवड्यात. एका बाजूने पायऱ्या पडल्या त्या सरळ करता करता शेवटी टक्कल. तो व्हिडिओ कॉलवर दोन महिने टोपी घालून, बॉसने विचारलं तुम्ही लोक नमाज वगैरे... तो म्हणाला नाही सर, बायको.

टोमॅटो सार
मेले मी. माझ्या लेकीचे पुढचे केस मी असेच कापलेले, ते फोटो शाळेच्या आयकार्डवर गेले.

चिमणचारा
आयकार्ड म्हणजे कायमचा पुरावा

लीड्सची माई
इकडे दर गुरुवारी रात्री आठला दारात उभं राहून टाळ्या. आपल्याकडे थाळ्या झाल्या २२ मार्चला आणि इथे चारच दिवसांनी सुरू, मी स्टीलचं ताट आणि पळी घेऊन उभी राहिले तर समोरची म्हातारी दुसऱ्या गुरुवारी सॉसपॅन घेऊन आली. इम्युनिटी म्हणाल तर इथल्या सरकारने १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या एवढंच सांगितलं, ते पण मुख्यतः हाडांसाठी, घरात कोंडून ऊन मिळत नाही म्हणून. आमचे भारतीय मित्र मात्र हळद शोधत फिरत होते. इंडियन दुकानात आलं संपलेलं, विचार करा.
बाबा सांगलीला एकटे होते. एप्रिल २०२१ च्या शेवटी भारत इंग्लंडच्या रेड लिस्टमध्ये गेला. जाता आलं असतं, पण परत येताना १० दिवस हॉटेल, आणि धाकटा अडीच वर्षांचा. मी एक आठवडा थांबते म्हटलं. आठवडा नाही मिळाला. भावाने फोन धरला होता, त्यात बाबा कमी आणि त्याचा निळा ग्लोव्हच जास्त दिसत होता. त्यांचा च्यवनप्राशचा डबा वहिनीने ठेवलाय, अर्धा आहे. मागच्या खेपेला उघडून वास घेतला.

नाईट ड्यूटी
माई, आम्ही पण धरायचो फोन. खूप जणांचे. हात हलायचा आमचा. सॉरी.

लीड्सची माई
नाही गं. तुम्ही धरलात हेच.

रत्नांग्रीकर
माई, काय बोलू. सांभाळा.

पेठकरी
आमच्याकडे २००९ च्या स्वाइन फ्लूचे मास्क होते! पुण्याच्या नायडू हॉस्पिटलबाहेरच्या त्या रांगा आठवतात का कुणाला, तेव्हा काही लोक निलगिरीचा रुमाल नाकाला बांधून फिरायचे. आईने तेव्हाचं अर्धं पाकीट जपून ठेवलेलं, मार्च २०२० ला काढलं तर इलास्टिक सगळं सैल, कानातून गळून पडायचं. तरी तिने गाठी मारून वापरले.
लशीचं तर विचारूच नका. कोव्हिशिल्ड बनायची आमच्या घरापासून बारा किलोमीटरवर, आणि मला स्लॉट मिळाला जुन्नरकडच्या एका आरोग्य केंद्रात. मे २०२१, १८ ते ४४ वाले सगळे मोबाईल घेऊन टपलेले, ओटीपी येईपर्यंत सगळं हिरव्याचं लाल. दोन तास गाडी चालवत गेलो तर रांगेत निम्मे पुण्याच्या गाड्यांवाले आणि गावातली पोरं बाजूला उभी, त्यांच्याच केंद्रात त्यांना नंबर नाही. एका पोराने विचारलं "सायेब, तुमच्याकडं नाय का भेटत?" मी लस घेऊन आलो. पण ते डोळ्यासमोरून जात नाही.

शेवग्याची शेंग
गुळवेल कुणीच लिहिली नाही अजून? माझ्या मावशीने बागेतली कांडं ठेचून रोज ग्लासभर, चार महिने, न चुकता. नंतर कावीळ. लिव्हरला सूज, पंधरा दिवस ॲडमिट, कोरोना झालाच नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा काही केसेस छापल्या होत्या तेव्हा ट्यूब पेटली.

हिरवा माठ
आमच्याकडे दोन वर्षं घेतली, कुणाला काही झालं नाही. दुसरीच वेल असेल, तशाच दिसणाऱ्या असतात. आयुष मंत्रालयाने पण हेच म्हटलं होतं. उगाच आपल्या औषधांना बदनाम

शेवग्याची शेंग
असेल दुसरी. मावशीला बागेत वेलीवर नाव लिहिलेलं नव्हतं. तोच तर मुद्दा आहे, वैद्याला दाखवून घेतली नाही.

अडगळवाली
वर लिहिलंय भांडू नका म्हणून. दोघांना एकेक कप काढा देईन.

हिरवा माठ
गूळ कमी घाला.

म्हापशाचो पाव
गोव्यातून. जून २०२० ला वास्कोत मांगोर हिल सील झाली तेव्हा आमचा मावसभाऊ आत अडकलेला, त्याला अंडी नेऊन द्यायची तर बॅरिकेडवर पोलीस अंडी मोजून घेई. मग मे २०२१ ला जाहीर झालं की १८ वरच्या सगळ्यांनी आयव्हरमेक्टिन घ्या, पाच दिवस. डब्ल्यूएचओ नको म्हणत होती. आमच्या पायने (वडिलांनी) दोन घेतल्या, बाकी कुत्र्याला जंतांसाठी होतील म्हणाला. (दिल्या नाहीत, आईने फेकल्या.) रोज संध्याकाळी काजूची फेणी एक पेग, "घसो साफ जाता" म्हणून. तो काढा मात्र एकही दिवस चुकला नाही.

बिनसाखरेचा
हा काढा मला कुणी का नाही सांगितला

भूभू
वाफ! वाफेबद्दल कुणी नाही बोललं. आमच्या शेजारच्या लहान मुलाने टॉवेलसकट पातेलं अंगावर घेतलं, मांडी भाजली. त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगमध्ये वाफ बंद, आणि सगळ्यांनी मुकाट जिन्याच्या खिडक्या उघड्या ठेवायला सुरुवात केली, कारण तळमजल्यावरचे डॉक्टर कधीपासून तेच ओरडत होते, हवा खेळती ठेवा. ऑक्सिमीटर पण अख्ख्या बिल्डिंगला दोनच होते, दोरीला बांधून पिशवीतून वरखाली करायचो, चौथा मजला, दुसरा, मग पहिला. पिशवीत सॅनिटायझरची बाटली, आणि कुणीतरी एकदा वरून लाडू पाठवले होते.

टोमॅटो सार
कसले लाडू? डिंकाचे? माझे दरवेळी फसतात, डिंक आतून कच्चा राहतो.

चिमणचारा
डिंक ऊन दाखवून घे आधी, आणि तूप मंद. एकावेळी थोडा थोडा तळ. मी रात्री लिहिते नीट, कुकर झालाय.

अडगळवाली
ऑक्सिमीटरमध्ये सेल घातले आत्ता, जुने वितळून पांढरे झाले होते, खडूसारखी भुकटी. पुसलं, आणि चालू झाला! आई घरभर फिरून सगळ्यांना लावतायत. बाबा ९६, लेक ९९, कामवाल्या ताई ९८, त्यांनी विचारलं पगारातून कापणार का. वहीचं शेवटचं पान पण बघितलं, ज्या दिवशी बाबा घरी आले त्या दिवशी मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नाही. पुढच्या बाजूला आहे: दूध अर्धा लिटर जास्त.

पेठकरी
खीर केली असणार.

अडगळवाली
बासुंदी. अर्धी करपली, आईंना वासच येत नव्हता तेव्हा. खाल्ली सगळ्यांनी, आम्हालाही कुठे येत होता.

भूभू
आणि उंदीर??

अडगळवाली
आहे अजून. पिंजऱ्यात भजी लावली होती, ती खाऊन गेला. दगड झालेल्या काढ्याच्या पाकिटाला मात्र त्याने तोंडही लावलेलं नाही, बघितलं मी.