आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला केटामाईन देणार म्हणतायत, कोणाला अनुभव?

नगरचा_निल्या:
आई ६४ वर्षांची, वजन ६० किलो. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदलला तेव्हा कमरेतल्या इंजेक्शनचा असर रात्री उतरला आणि पहाटेपर्यंत तिने नुसता बेडचा दांडा धरून ठेवला होता, ट्रामाडॉल दिलं तर उलट्या, दुखणं आहे तसंच. आता डावा गुडघा. पाठीच्या दुखण्यासाठी ती वर्षभर ट्रामाडॉलच्या गोळ्या घेतेय. काल भूलवाल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले नंतर दुखू नये म्हणून थोडं केटामाईन चालू ठेवू. घरी येऊन गुगल केलं तर सगळं पार्टी आणि नशेचं, चुलतभाऊ म्हणतो हे घोड्यांना देतात. बीपीची गोळी पण चालू आहे तिला. हो म्हणू का?

भूलवाली:
दादा घोड्यांना देतात हे खरंय, पण माणसांना १९६० च्या दशकापासून देतायत आणि डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत पण आहे. सगळा खेळ डोसचा. पूर्ण भूल द्यायला शिरेतून किलोमागे १ ते २ मिग्रॅ लागतं म्हणजे आईंना ६० ते १२०, आणि दुखण्यासाठी साधारण ०.३ पर्यंत म्हणजे १८ च्या आसपास, मग शिरेतून हळूहळू औषध सोडणाऱ्या पंपावर तासाला ६ ते १२ मिग्रॅ. जास्त दिवस ट्रामाडॉल घेतलं की शरीराला त्याची सवय होते, आणि सतत दुखून मज्जारज्जूतला आवाज मोठ्यावरच अडकून बसतो. केटामाईन तिथला एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे दुखण्याचा निरोप पुढे मोठा करणारी जागा, अडवतं, आवाज खाली येतो. म्हणून अशाच पेशंटला त्याचा जास्त उपयोग, सरसकट सगळ्यांना द्यायची गरज नाही. आणि हे जोडीला असतं, पॅरासिटामॉल आणि मांडीतला ब्लॉक (नस बधिर करायचं इंजेक्शन) आहेच.
बीपी कंट्रोलमध्ये असेल तर चालतं, तरी मॉनिटर हवाच कारण याने बीपी थोडं वाढतं. हृदयाचा मोठा त्रास, लिव्हर खराब, आधी कधी भ्रम होण्याचा आजार असं काही असेल तर आधीच सांगा. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात साठीच्या पुढच्या पेशंटवर मोठी ट्रायल आली होती, एकदाच डोस देऊन, त्यात दुखणं कमी झालं नाही आणि भास, वाईट स्वप्नं मात्र वाढली. ते सरसकट सगळे पेशंट होते, तुमच्या आईंसारखे खास निवडलेले नव्हते, पण वय बघता पंप किती तास ठेवणार आणि रात्री लक्ष कोण ठेवणार हे विचारूनच घ्या.

मणका_एल५:
मला मणक्याच्या ऑपरेशनला दिलं होतं. दुखत होतं पण ते दुखणं शेजारच्या बेडवरच्या माणसाचं असावं असं वाटायचं, नीट सांगता येत नाही. रात्री पडद्यावरची फुलं हळूहळू चालायला लागली आणि पंखा खाली येतोय असं दिसलं, घाबरलो, सिस्टरला बोललो तर डॉक्टरांना फोन करून पंप कमी केला आणि अर्ध्या तासात फुलं जागेवर. आधी कोणी सांगितलं असतं तर घाबरलो नसतो एवढीच तक्रार.

स्टाफनर्स_मिरज:
👆 अगदी हेच. निल्यादादा आईंना आधीच सांगून ठेवा की तरंगल्यासारखं, विचित्र काही दिसेल, दिसलं तर लगेच बोलायचं. खोलीत लाइट मंद ठेवा, मोबाईलचा आवाज बंद, आणि सहा नातेवाईक एकदम आत नको 🙏 पेशंटचे डोळे थरथरताना दिसले तर आम्हाला हाक मारा. बाकी नशेची भीती सोडा, शेड्यूल एक्सचं, म्हणजे कडक नियंत्रणातलं औषध आहे, आमच्याकडे कुलपात असतं, एकेक व्हायल रजिस्टरला लिहून घेतो, उरलेलं फेकतानासुद्धा दोघांची सही.

नगरचा_निल्या:
सगळ्यांचे आभार. आज परत फोन केला, रात्री पंप आयसीयू स्टेपडाउनमध्येच (आयसीयूच्या खालोखाल लक्ष ठेवतात त्या वॉर्डात) चालवणार आणि सकाळी बंद, मग हो म्हटलं. आईला भास होतील असं समजावलं तर म्हणते स्वामी दिसले तर बरंच की, तुला कशाला टेन्शन.