उत्तर: तंबू पाण्याच्या अगदी काठाला लावावा का?

"मे महिन्यात पाणी उतरलेलं असतं, खुशाल काठाला तंबू लावा" असं आधीच्या एका उत्तरात म्हटलंय ते कोयनेच्या शिवसागराला एकवेळ चालेल, एवढा १०५ टीएमसीचा (म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचा) जलाशय काही एका रात्रीत हलत नाही, पण खाली आमच्या चिपळूणकडे कोळकेवाडीला हा हिशोब लावू नका प्लीज. तिथलं पाणी पावसावर नाही, विजेवर चालतं. कोयना प्रकल्पाच्या पोफळीतल्या वीजघरातून वापरून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणात येतं, त्यावर पुन्हा वीज करतात (कोयना प्रकल्पाचा तिसरा टप्पा, ३२० मेगावॅट) आणि मग ते वाशिष्ठी नदीत सुटतं. म्हणजे संध्याकाळी लोकांनी घरोघरी दिवे-पंखे लावले, मागणी वाढली की मशिनी जोरात चालतात आणि इकडे कडक उन्हाळ्यात, आभाळात ढग नसताना नदी चढते.

आमचं गाव याच नदीकाठी. सकाळी घोटाभर पाण्यातून पलीकडे गेलेला माणूस संध्याकाळी त्याच वाटेने परत येऊ शकेलच असं नाही, म्हणून आजी आम्हाला कातळावरची ओल बघायला लावायची, ओली रेघ जिथपर्यंत आहे तिथपर्यंत पाणी परत येणार म्हणजे येणार. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून आलेल्या भाच्यांनी दुपारी कोरड्या वाळूवर तंबू ठोकला, रात्री जेवून येतात तर आतल्या गाद्या भिजलेल्या, आत कोणी झोपलेलं नव्हतं म्हणून निभावलं. शिवाय वाशिष्ठीत मगरी आहेत. तंबू रेघेच्या बराच वर, आणि जागा आधी गावातल्या माणसाला दाखवूनच.