'अनस्कूलिंग'ला मराठीत काय म्हणायचं? (मूल तीन वर्षांचं आहे)

पागोळी :
लहान मुलांच्या पालकांसाठी एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. विषय अनस्कूलिंग, तेही अगदी लहानांचं, शाळेच्या वयाआधीचं. अभ्यासक्रम नाही, वेळापत्रक नाही, 'चला, आता रंग शिकूया' म्हणून बसवणं नाही. घरातली कामं, खेळ आणि गप्पा यांतून जे मिळेल ते. मी 'शाळाबाह्य शिक्षण' लिहिलं, तर मुद्रितशोधकांचा शेरा : "शाळाबाह्य म्हणजे शाळा सुटलेली मुलं. पालक घाबरतील." 'शाळामुक्त' केलं, तर त्यांना 'व्यसनमुक्त' आठवलं. 'मुक्त शिक्षण' म्हटलं की दूरशिक्षणाच्या परीक्षा डोळ्यांपुढे येतात. अडलेलं वाक्य असं : "या वयात अनस्कूलिंगसाठी पालकांनी नवीन काही सुरू करायचं नसतं, चाललंय त्यात मोडता घालायचा नसतो." सुचवा.

शब्दखुळा :
अनस्कूलिंगच लिहा. टेबल चालतं, पेन चालतं, हे का नाही? शोधणारे पालकही हाच शब्द टाकून शोधणार.

ऱ्हस्वदीर्घ :
टेबल ही वस्तू आहे, येताना नाव घेऊन आली. ही कल्पना आहे. परक्या नावाने आलेली कल्पना चार चळवळ्या लोकांतच फिरत राहते. 'निःशालेय शिक्षण' किंवा 'अशाला-शिक्षण' करा. शब्द घडवायची सोय आपल्याकडे आहे, वापरायला लाज वाटते एवढंच.

शब्दखुळा :
'निःशालेय'? तो विसर्ग पाहून आई मुलाला हाताला धरून शाळेत घालून येईल. (हलके घ्या.)

आडवाट :
'निः' नकोच, तो दुसऱ्या शब्दासाठी राखून ठेवा. इव्हान इलिच या विचारवंताने 1971 साली 'डीस्कूलिंग' मांडलं ते समाजाविषयी : शिकणं म्हणजे शाळा हे समीकरणच मोडा. त्याला 'निःशालीकरण' शोभेल. आता तर मुलाला शाळेतून काढल्यावर शाळेची सवय अंगातून उतरायला जो काळ जातो, त्यालाही लोक डीस्कूलिंग म्हणतात.

अनस्कूलिंग हा जॉन होल्टचा शब्द. हा स्वतः शाळेत शिकवलेला माणूस. 1977 मध्ये त्याने घरी शिकणाऱ्यांसाठी नियतकालिक काढलं, त्यातून शब्द पसरला. सुरुवातीला अर्थ साधा होता : मुलाला शाळेत न पाठवणं. पुढे घरीच वेळापत्रक लावून पाठ्यपुस्तकं संपवणारे एकीकडे राहिले आणि अनस्कूलिंग हे मुलाच्या कलाने चालणाऱ्यांचं नाव झालं. म्हणून कोणी 'गृहशिक्षण' सुचवायच्या आत सांगतो, ते वेगळं.

उंटावरून :
मला मुळातच एक कळत नाही. तीन वर्षांचं मूल शाळेत गेलेलंच नाही, मग 'अ', 'अन्', 'निः', 'मुक्त' हे कशाला लावायचं? तान्ह्या बाळाला 'अविवाहित' म्हणण्यासारखं आहे हे.

पागोळी :
उंटावरून, अगदी हेच! शाळेतून काढलेल्या दहा वर्षांच्या मुलासाठी नकार शोभतो. इथे नकारामुळे शाळाच केंद्रस्थानी येऊन बसते. पण नकार काढला तर उरतं नुसतं 'शिकणं', आणि मग पालक विचारतात, यात नवीन काय?

आडवाट :
'शिकणं'ही आपण शाळेला विकून टाकलंय. 'काय शिकला?' विचारलं तर पोहायला, शिट्टी वाजवायला, काहीही उत्तर येतं. 'किती शिकला?' म्हटलं की थेट इयत्ता. 'शिकलेला माणूस' म्हणजे तर पदवीवालाच.

ऱ्हस्वदीर्घ :
'शिक्षा' बघा. संस्कृतात 'शक्'चं इच्छार्थक रूप 'शिक्ष्', म्हणजे समर्थ व्हायची इच्छा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे छडी. यावरून आपल्या पूर्वजांच्या शाळा कशा होत्या ते ओळखा.

गोगलगाय :
आणि सहा वेदांगांतली 'शिक्षा' म्हणजे उच्चारशास्त्र! दीड वर्षाचं मूल दिवसभर दुसरं काय करतं?

शब्दखुळा :
ग्रीक 'स्कोले' म्हणजे फुरसत. त्यावरून स्कूल. म्हणजे मूळ अर्थाने अनस्कूलिंग म्हणजे फुरसत काढून घेणं. आणि वि + शाला = विशाला, शाळा काढली की सगळं विशाल. घ्या शब्द : 'विशालन'!

ऱ्हस्वदीर्घ :
विशालमध्ये शाळा नाही हो. पाणिनीने 'वि'ला 'शालच्' प्रत्यय लावून तो साधलाय. आणि 'शाला' म्हणजे मुळात घर, दालन. पाकशाला, अश्वशाला. तिथे कोणी तास घेत नव्हतं.

गोगलगाय :
व्युत्पत्ती चालू द्या, मी माझ्या घरातलं सांगते. कपडे वाळत घालताना चिमट्यांची टोपली मुलीकडे असते. आधी ती नुसती ओतायची. मग रंग वेगळे करायला लागली. मग एका कपड्याला दोन चिमटे हे तिनेच ठरवलं. मोज्याला मी एकच लावला तर ओरडते, "त्याला अजून एक!" एकदा टोपलीत एकच उरला आणि हातात टॉवेल, तेव्हा बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली. मग शेजारच्या मोज्याचा चिमटा काढून आणला. ही वजाबाकी की मोज्यावर अन्याय, ते तुम्ही ठरवा. मी एवढंच म्हटलं, "आता मोजा पडेल की!" त्यावर आमची पुष्कळ चर्चा झाली.

याला काय म्हणायचं ते माहीत नाही. पण 'आपोआप शिकणं' किंवा 'सहजशिक्षण' म्हणू नका. त्या बोलण्यात माझीही मेहनत असते. कपडे वाळत घालायला दुप्पट वेळ लागतो.

उंटावरून :
'हसत-खेळत शिक्षण' तयारच आहे की.

पागोळी :
ते सगळ्या नर्सऱ्यांच्या पाटीवर असतं. तिथे खेळ बाईंचा असतो आणि शेवटी 'क' यायलाच हवा. 'खेळातून शिक्षण'मधला '-तून'च मला खटकतो. खेळ म्हणजे जणू बोगदा, पलीकडे निघायलाच हवं.

गोगलगाय :
हो! आणि एक राहिलंच. सध्या आमच्याकडे 'मी करलं' चालू आहे. घरात कोणीही असं बोलत नाही. धरलं, पडलं, बसलं ऐकून नियम तिने काढला. गंमत म्हणजे आधी ती 'केलं' म्हणायची.

आडवाट :
तसंच होतं. आधी ऐकलेलं रूप जसंच्या तसं येतं, मग नियम सापडतो आणि तो सगळीकडे लागतो, पुढे अपवाद पुन्हा जागेवर बसतात. 'करलं' म्हणजे तिची प्रगतीच.

ऱ्हस्वदीर्घ :
प्रगती असेल, पण दुरुस्त करा. उद्या 'मला नवीन ड्रेस भेटला' म्हणेल.

गोगलगाय :
मी म्हणते, "हो, तूच केलंस!" झाली दुरुस्ती. "केलं म्हण बघू" म्हटलं की ती बोलायचंच बंद करते. आणि 'भेटला' ही कोट्यवधी लोकांची मराठी आहे, ती काही तिची चूक नाही.

ऱ्हस्वदीर्घ :
त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

शब्दखुळा :
मी एक शब्द टाकतो. घरातलं मूल चिमट्यांत, पिठात, बादलीत दिवसभर जे करतं त्याला मराठीत 'लुडबुड' म्हणतात. 'लुडबुड-शिक्षण'. संपला प्रश्न.

उंटावरून :
लुडबुड हा तक्रारीचा शब्द आहे. 'मध्ये लुडबुड करू नको' हे ऐकून आपण मोठे झालो.

शब्दखुळा :
पालकांनी तक्रार सोडावी हाच तर पुस्तिकेचा मुद्दा ना?

पागोळी :
मुखपृष्ठावर 'लुडबुड' छापायला प्रकाशक तयार होतील असं वाटत नाही, पण विचारून बघते.

ऱ्हस्वदीर्घ :
छापणारच असाल तर 'लुडबूड' छापा. अकारान्त शब्दात उपान्त्य ऊ दीर्घ. सामान्यरूपात ऱ्हस्व : लुडबुडीत, लुडबुडीला.

उंटावरून :
मग चुळबूळ पण?

ऱ्हस्वदीर्घ :
चुळबूळ, चुळबुळीने. हो.

शब्दखुळा :
आणि 'लुडबुड-शिक्षण' असा समास केला तर?